मारिएत्ताचा मालक

सदाशिव पेठेत मी अठ्ठावीस वर्षं खानावळ चालवली. तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली, की 'महाराष्ट्रीय जेवण' फक्त हॉटेलच्या पाटीवर असतं. जळगावच्या मेंबराच्या घशाखाली माझ्या आमटीतला गूळ उतरत नसे, रत्नागिरीच्या पोराला ओल्या खोबऱ्यावाचून भाजी म्हणजे पाला वाटे, आणि एक सोलापूरकर तर शेंगाचटणीची बरणी खोलीवरून घेऊनच ताटावर बसे. त्यामुळे भाचीकडे बोलोन्याला गेले असताना तिच्या शेजारणीने 'इटालियन जेवण असं काही नसतंच' म्हणून हात झटकले, तेव्हा बाई आपल्यातलीच वाटली.

तिचं खरं होतं. बोलोन्यात पास्ता म्हणजे मऊ गव्हाचं पीठ अंड्यात मळून हाताने लाटलेला. नेपल्सच्या बाजूला गेलात की अंडं गायब. तिथे कडक गव्हाचा रवा, पाणी आणि वाळवण. आपला बन्सी गहू याच कडक जातीचा, आणि तिकडे सुपात घालतात तो 'फारो' म्हणजे आपला खपली. हे कळल्यावर दुकानात मी फारोची पिशवी नाकाशी धरून उभी राहिले, भाची लाजून बाजूला सरकली. पास्ता मार्को पोलोने चीनमधून आणला ही गोष्ट मीही मेंबरांना सांगत असे. पण सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबियात तो भरपूर तयार होऊन जहाजांनी बाहेर जातो, असं अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने ११५४ मध्येच लिहून ठेवलंय. पोलो जन्मला १२५४ साली!

बोलोन्याच्या व्यापार मंडळात १९७२ पासून 'ताल्यातेल्ले' या पास्त्याची एक सोन्याची पट्टी ठेवली आहे. शिजल्यावर खऱ्या ताल्यातेल्लेची रुंदी आठ मिलिमीटर भरली पाहिजे, असा दंडक. पुरणपोळीचा व्यास ठरवायला आपण बसलो तर पहिल्याच बैठकीत दोन तट पडतील.

मग ह्या भांडकुदळ चुलींना एका पुस्तकात आणलं कुणी? एका रेशमाच्या व्यापाऱ्याने. पेल्लेग्रिनो आर्तुसी १८२० मध्ये रोमान्या प्रांतातल्या फोर्लिंपोपोली या लहानशा गावी जन्मला. बापाचं वाणसामानाचं दुकान होतं, बरं चाललेलं. २५ जानेवारी १८५१ च्या रात्री गावातली बडी मंडळी नाटकाला जमलेली असताना पडदा वर गेला आणि रंगमंचावर नटांऐवजी बंदुका घेतलेले दरोडेखोर दिसले. घरंही लुटली गेली. आर्तुसीच्या एका बहिणीच्या मनावर त्या रात्रीचा असा घाला पडला की तिचा शेवट वेड्यांच्या इस्पितळात झाला. पुढच्याच वर्षी कुटुंबाने गाव सोडून फिरेन्झे, म्हणजे फ्लॉरेन्स, गाठलं.

तिथे त्याने पैसा कमावला आणि पन्नाशीत धंदा आटोपता घेतला. लग्न केलं नाही. १८९१ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, 'स्वयंपाकघरातलं शास्त्र आणि उत्तम खाण्याची कला' अशा अर्थाच्या लांबलचक नावाचं पुस्तक काढलं. प्रकाशक मिळेना म्हणून पदरचे पैसे घातले. प्रती हजार, पाककृती ४७५. अर्पणपत्रिका घरातल्या दोन मांजरांना. गावच्या एका धर्मादाय सोडतीसाठी त्याने दोन प्रती पाठवल्या, तर ज्यांना त्या लागल्या त्यांनी टिंगल करून तंबाखूवाल्याला विकून टाकल्या. पुढे प्रस्तावनेत हे त्यानेच लिहिलं, आणि पुस्तकाला सिंड्रेला म्हटलं. हजार प्रती खपायला चार वर्षं लागली.

नंतर मात्र पत्रं येऊ लागली. गावोगावच्या बायका लिहीत: तुमचं हे चुकलं, आमच्याकडे असं करतात, करून बघा. आर्तुसी ते घरी करून बघे, पटलं तर पुढच्या आवृत्तीत घाले. इटली देश म्हणून १८६१ मध्ये एक झाली होती, पण दर प्रांताची बोली वेगळी, आणि स्वयंपाकाची पुस्तकं फ्रेंच शब्दांनी भरलेली. याने साध्या इटालियनमध्ये, ग्रॅमची मापं देऊन, मधूनच थट्टा करत लिहिलं. शेवटच्या आवृत्तीत पाककृती ७९० झाल्या. आपल्याकडे 'रुचिरा' मुलीच्या रुखवतात जावं तसं हे पुस्तक घराघरांत गेलं.

त्यातलं वांग्याचं पान मी भाचीकडून दोनदा वाचून घेतलं. चाळीस वर्षांपूर्वी फिरेन्झेच्या बाजारात वांगी जेमतेम दिसत, ज्यूंचं खाणं म्हणून लोक नाक मुरडत, असं तो सांगतो. आणि लगेच शेरा मारतो की चांगलं काय ते त्यांनाच आधी कळलं. वांग्याला तो 'पेतोंचानो' म्हणतो. आपलं संस्कृत 'वातिंगण' फारसीत गेलं, तिथून अरबीत 'बादिंजान' झालं, त्याचाच हा नातू.

आणि मिनेस्त्रोने. १८५५ मध्ये लिव्होर्नोला त्याने खानावळीत हे भाज्यांचं दाट सूप खाल्लं आणि रात्रभर पोट धरून बसला. सगळा दोष मिनेस्त्रोनेला. दुसऱ्या दिवशी फिरेन्झेला परतला, तर मागोमाग बातमी आली: लिव्होर्नोत कॉलरा, आणि तो उतरला होता त्या घराचा मालकच आधी गेला. मेंबराचं पोट बिघडलं की भेळ कुठे खाल्ली होतीस हे कुणी विचारत नाही, पहिलं बोट आमच्याकडे. आर्तुसीने निदान ते छापून कबूल केलं आणि खाली मिनेस्त्रोनेची कृती दिली.

पण पुस्तकात त्याच्या स्वतःच्या मुलखाचं, म्हणजे रोमान्या आणि तोस्कानाचं, ताट वाढून भरलेलं. दक्षिण इटलीच्या पाककृती अगदी थोड्या. आणि रोमान्यातल्या गरिबाची पियादिना त्यात नाहीच. गव्हाचं पीठ, डुकराची चरबी, मीठ, पाणी. मातीच्या तव्यावर भाजलेली, चपातीची धाकटी बहीण. भरल्या घरच्या माणसाला ती पाककृती वाटली नसावी. मी तरी कुठे शिळ्या भाकरीचा कुस्करा मेंबरांच्या पानात वाढला?

पियादिना मी खाल्ली फोर्लीच्या रस्त्यावर. फोर्लिंपोपोलीच्या शेजारचंच हे शहर. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांचं स्मारक. जवळच्याच सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी गोळीबारातून जखमी साथीदार पलीकडे आणले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. माझं माहेर साताऱ्याकडचं. स्मारकावरून परतल्यावर पियादिना दोन घास गेली, बाकीची कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली.

खरी गाठ पडायची होती ती मारिएत्ता साबातिनीशी. आर्तुसीच्या घरी स्वयंपाक ती आणि फ्रांचेस्को रुफिल्ली करत. पत्रातून आलेली कृती आधी त्यांच्या हाताखालून जाई, मग मालकाच्या लेखणीखालून. एका गोड पावाला त्याने तिचंच नाव दिलं, कारण तो तिच्याकडून शिकलो असं त्याने लिहिलंय. १९११ मध्ये तो गेला तेव्हा मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क या दोघांच्या नावे होते. माझ्याकडे पोळ्या लाटणारी बाई एकवीस वर्षं होती. खानावळ विकली तेव्हा मी तिला दोन महिन्यांचा पगार आणि साडी दिली, आणि खूप दिलं असं वाटलं होतं.

फोर्लिंपोपोलीत २००७ पासून आर्तुसीच्या नावाचं केंद्र आहे, आणि तिथे लाटायला शिकवणाऱ्या बायका स्वतःला 'मारिएत्ता' म्हणवतात. त्यातल्या एकीने हातभर लांबीचं लाटणं माझ्या हातात दिलं. पोळपाटाची सवय, मी गोल लाटत गेले आणि कडा जाड ठेवल्या. तिने माझी मनगटं धरून लाटणं पुढे सरकवलं, मग ती पोळी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि मान हलवली. अजून नाही.