गवयाची ओळख : उपमानप्रमाणाविषयी

भारतीय दर्शनांतील प्रमाणचर्चा जितकी सूक्ष्म, तितकीच तिची उदाहरणे साधी आहेत. अनुमानाला डोंगरावरचा धूर पुरतो, भ्रमाला दोरीवर भासणारा साप. उपमानाच्या वाट्याला मात्र गवय नावाचा रानपशू आला आणि शतकानुशतके तोच राहिला.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे सांगितली. त्यांतील उपमानाची प्रक्रिया अशी : गवय हा शब्द ऐकलेला, पण तो पशू कधीही न पाहिलेला एक नगरवासी अरण्यवासीयाकडे चौकशी करतो. गवय गाईसारखा असतो, एवढेच उत्तर त्याला मिळते. या उत्तराला अतिदेशवाक्य म्हणतात. पुढे तो रानात जातो, गाईसारखा पशू पाहतो, ऐकलेले वाक्य त्याला आठवते आणि 'हाच गवय' असा निश्चय होतो. नाव आणि नामधारी यांच्या संबंधाचे हे ज्ञान म्हणजे उपमिती. काव्यातील उपमेशी तिचे नाते दूरचे आहे. कवी ओळखीच्या मुखाला चंद्राजवळ नेतो. नैयायिक अनोळखी वस्तूला तिच्या नावापर्यंत पोहोचवतो.

हे प्रमाण सर्वांना मान्य झाले नाही. बौद्धांनी व वैशेषिकांनी त्याला स्वतंत्र स्थान दिले नाही. सांख्यांनीही तीनच प्रमाणे मानली. भासर्वज्ञ तर स्वतः नैयायिक, पण 'न्यायसारा'त त्यानेही उपमान वेगळे ठेवले नाही. आक्षेप सरळ होता. अरण्यवासीयाचे वाक्य हे शब्दप्रमाण, पशूचे दर्शन हे प्रत्यक्ष. मग उपमानासाठी उरले काय? यावर परंपरेचे उत्तर असे की वाक्य ऐकताना पशू समोर नव्हता आणि पशू पाहताना त्याचे नाव डोळ्यांना दिसत नाही. दोहोंची गाठ सादृश्याच्या ज्ञानानेच पडते. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ही बाजू समर्थपणे मांडली. मीमांसकांनी उपमान स्वीकारले, पण त्याचे फळ निराळे सांगितले. रानातला गवय पाहिल्यावर घरची गाय याच्यासारखी आहे असे जे कळते, ते त्यांच्या मते उपमानाचे ज्ञान होय.

सर्वांत अवघड प्रश्न न्यायसूत्रांनी स्वतःच उपस्थित केला आहे : सारखेपणा किती हवा? तो संपूर्ण असेल तर गाय गाईसारखी आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. पुष्कळसा असेल तर बैलाच्या जागी रेडाही चालेल. थोडासा पुरेल तर मोहरी आणि मेरुपर्वत हेही सारखेच ठरतील. सूत्रकारांनी यावर मोजमाप दिले नाही. सादृश्य 'प्रसिद्ध', म्हणजे नीट माहीत असलेले व प्रस्थापित हवे, एवढेच त्यांनी सांगितले. प्रमाणाचा सारा भार या एका शब्दावर आहे. साम्य दाखवणारा जाणकार असावा लागतो आणि ते पडताळण्यासाठी ऐकणाऱ्याला रानापर्यंत जावे लागते.

भाष्यकार वात्स्यायनाने दिलेल्या दुसऱ्या उदाहरणात हे अधिक स्पष्ट होते. मुगासारखी मुद्गपर्णी, उडदासारखी माषपर्णी, असे ऐकून मनुष्य औषधी वनस्पती शोधून आणतो. मराठीत त्यांना रानमूग व रानउडीद म्हणतात. अतिदेशवाक्यच येथे नाव होऊन बसले आहे. चरकसंहितेतही औपम्याचे उदाहरण म्हणून धनुष्यावरून ओळखला जाणारा धनुःस्तंभ येतो. मराठीतल्या 'धनुर्वात' या शब्दात तेच धनुष्य आहे. अशा ठिकाणी साम्य चुकले तर त्याची किंमत रोगी मोजतो.

खुद्द गवयाच्या बाबतीत मात्र ही साखळी तुटली आहे. गवय म्हणजे कोणी गयाळ समजतात, कोणी गवा, कोणी नीलगाय. 'गवा' हा मराठी शब्द 'गवय' याच शब्दापासून आला. पण नीलगाईला विदर्भात रोही म्हणतात. वाक्य टिकले, शब्द टिकला, बोट दाखवून सांगणारा अरण्यवासी मात्र उरला नाही. गाईसारख्या पशूंपैकी त्याच्या मनात कोणता होता, हे केवळ वाक्यावरून ठरत नाही.

दिल्लीत नगर आणि अरण्य आजही एकमेकांना भिडलेले आहेत. असोला-भाटी अभयारण्यात आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या परिसरात नीलगाई आढळतात. भोवतालच्या हरियाणा व उत्तर प्रदेशातील शेतांत त्या पिकांची नासाडी करतात. प्राणिशास्त्रात या पशूची गणना कुरंगांत होते, तरी त्याचे कुल व उपकुल गाईचेच आहे. त्याच्या शास्त्रीय नावातही बैल, हरिण, बोकड आणि उंट असे चार प्राणी सामावले आहेत. 'गाय' या शब्दामुळे अनेक शेतकरी त्याच्यावर हात उचलत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाईला वर्षभरासाठी उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला.

पीक वाचवावे की पशू, हा प्रश्न उपमानाने सुटणारा नाही. परंतु उपमानाची मर्यादा येथे नेमकी कळते. नीलगाय गाईसारखी आहे हे ज्ञान तिला ओळखण्यापुरते खरे आहे. तिच्याशी कसे वागावे हे त्या सारखेपणातून निघत नाही. नैयायिकांनी उपमानाला नाव आणि वस्तू जोडण्याचे एकच काम दिले होते. त्यांचा हा संयम दुबळेपणा समजला गेला; वास्तविक, साम्याला प्रमाणाचा दर्जा देताना घ्यावयाची ती आवश्यक काळजी होती.