एका इशाऱ्याचा नियम झाला

महाराष्ट्रात सुमारे चारांतील एक बाळंतपण सिझेरियनने होते, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्या मातांचे पुढचे बाळंतपण कसे व्हावे? १९१६ साली न्यूयॉर्कचे एडविन क्रॅगिन म्हणाले, एकदा सिझेरियन की नेहमीच सिझेरियन. वस्तुतः पहिलीच शस्त्रक्रिया उगाच करू नये, असा त्यांचा रोख होता; सिझेरियननंतर तीनदा विनासायास प्रसूत झालेल्या आपल्याच रुग्णेचा त्यांनी उल्लेखही केला. इशारा विसरला गेला, नियम तेवढा उरला! तेव्हा गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घेत. पुढे ग्लासगोच्या मन्‍रो कर यांनी खालचा आडवा छेद रूढ केला. असा एकच व्रण कळांमध्ये फाटण्याचा संभव २०० त सुमारे १. परंतु तो प्रसंग जिवावरचा, म्हणून तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय हाताशी लागते.