महाराष्ट्रातील डायनासोर

महाराष्ट्रातील डायनासोर म्हणजे राज्याच्या पूर्व भागातील, मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुका आणि नागपूर परिसर येथील खडकांत ज्यांचे जीवाश्म सापडले आहेत असे डायनासोर. त्यांपैकी बहुतेक क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. येथे संपूर्ण सांगाडा मिळालेला नाही. मणके, पायांची हाडे, दात आणि विष्ठाश्म (अश्मीभूत विष्ठा) यांवरून या प्राण्यांची शरीररचना व आहार ताडला जातो.

आढळ

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या अस्ताच्या आगेमागे, थरावर थर साचत गेला. बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावची काळी माती याच खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तेथे विहीर खणताना लागणारा मुरूम व काळा पाषाण हा थिजलेला लाव्हा असल्याने त्यात डायनासोरांची हाडे मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही.

लाव्हापूर्वीची जमीन मराठवाड्यात खोल गाडली गेली आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या ६१७ मीटर खोल वेधछिद्रात प्रथम ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर जाडीचा गाळाचा खडक आणि त्यानंतर अतिप्राचीन स्फटिकमय खडक लागला. या पातळ थरात काय दडले आहे, हे एका छिद्रावरून सांगता येत नाही.

गोदावरी व मांजरा नद्यांच्या काठच्या गाळात अधूनमधून मोठी हाडे सापडतात. ती हत्ती, रानबैल अशा सस्तन प्राण्यांची असतात. डायनासोरांच्या तुलनेत ती फार अलीकडची आहेत. या दोहोंची गल्लत वारंवार होते.

पूर्व विदर्भात लाव्हाचे आवरण विरळ होत संपते आणि त्याखालचे गाळाचे खडक उघडे पडतात. त्यांना जबलपूरजवळील नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून ‘लमेटा शैलसमूह’ हे नाव मिळाले आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा व डोंगरगाव ही गावे या खडकांवर वसलेली आहेत. पिसदुऱ्याच्या शेतांत नांगरटीनंतर हाडांचे तुकडे व विष्ठाश्म वर येतात. तेथील प्रारंभीच्या संग्राहकांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा समावेश होतो.

प्रकार व शरीररचना

डायनासोरांचे सॉरिस्किया व ऑर्निथिस्किया असे दोन पारंपरिक गट कमरेच्या हाडांच्या मांडणीवरून केले जातात. भारतातील बहुतेक जीवाश्म सॉरिस्किया गटातील असून त्यात लांब मानेचे शाकाहारी सॉरोपॉड आणि दोन पायांवर चालणारे, प्रामुख्याने मांसाहारी असलेले थेरोपॉड येतात.

विदर्भातील सॉरोपॉड ‘टायटॅनोसॉर’ या कुळातील आहेत. खांबांसारखे चार पाय, मधे बरेच अंतर ठेवून पडणारी पावले, हवेच्या पोकळ्यांमुळे हलके झालेले मणके आणि पाने ओरबाडण्यास उपयोगी पडणारे बारीक दात ही त्यांची लक्षणे होत. चर्वण करण्याजोग्या दाढा त्यांना नव्हत्या. सर्वांत ठळक खूण शेपटीच्या मणक्यांत दिसते: मणक्याची पुढची बाजू खोलगट व मागची गोलाकार असल्याने प्रत्येक जोड उखळीच्या सांध्यासारखा बसतो. त्यामुळे एका सुट्या मणक्यावरूनही कूळ ओळखता येते. मात्र प्रजाती ठरवता येतेच असे नाही. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ आणि १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ ही नावे दिली. पुरेशा वेगळ्या लक्षणांअभावी ती आता ग्राह्य मानली जात नाहीत.

डोंगरगावच्या शोधाचे मोल यामुळेच मोठे आहे. तेथे १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना एकाच प्राण्याची मान, पाठ, कंबर व शेपूट यांचे मणके, बरगड्या आणि पुढच्या पायाची हाडे मिळाली. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसिसॉरस कोलबर्टी’ हे नाव मिळाले. त्याच्या दंडाचे हाड सुमारे १४८ सेंटिमीटर लांब आहे. तुलनेने आखूड मान आणि लांब पुढचे पाय यांमुळे तो इतर टायटॅनोसॉरांहून वेगळा दिसत असावा. कवटी व मागचे पाय मात्र मिळालेले नाहीत. चित्रांत दिसणारे त्याचे डोके नातलग प्रजातींवरून रेखाटलेले असते.

थेरोपॉडांचा पुरावा महाराष्ट्रात तुटपुंजा आहे. नागपूरजवळच्या टाकळी येथील एक दात लिडेकर यांनी १८९० मध्ये ‘मॅसोस्पाँडिलस’ या दुसऱ्याच प्राण्याच्या नावे नोंदवला होता. पुढे तो थेरोपॉडाचा ठरला. त्या काळातील भारतीय थेरोपॉडांची कल्पना गुजरातमधील रहियोली येथे सापडलेल्या व २००३ मध्ये नामकरण झालेल्या ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’वरून येते. त्याच्या कपाळावर एक बुटके शिंग होते. तो ज्या अबेलिसॉर कुळातील आहे, त्यातील प्राण्यांची कवटी आखूड व उंच आणि पुढचे हात अगदीच खुजे असत.

आहार

पिसदुऱ्याचे विष्ठाश्म हा या परिसराचा सर्वांत महत्त्वाचा ठेवा होय. ते टायटॅनोसॉरांचे असावेत असे मानले जाते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यांतील वनस्पतींच्या सूक्ष्म सिलिकाकणांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाम व सूचिपर्णी वृक्षांच्या बरोबरीने त्यांत गवताचे किमान पाच प्रकार आढळले. तोपर्यंत गवताचा विस्तार व वैविध्य डायनासोरांच्या नाशानंतरचे समजले जात असे. नंतरच्या अभ्यासात भाताच्या गटातील गवताचेही अवशेष ओळखले गेले.

याहून जुने डायनासोर

गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील कोटा गावावरून ‘कोटा शैलसमूह’ हे नाव पडले असून तो ज्युरासिक कालखंडातील आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील याच खडकांत ‘बारापासॉरस टागोरी’ या आरंभीच्या सॉरोपॉडाची किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे मिळाली. उत्खनन १९६१ मध्ये, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दी वर्षात, झाल्याने प्रजातीला त्यांचे नाव दिले आहे. ‘बारापा’ म्हणजे मोठा पाय. त्याच्या मांडीचे हाड सुमारे १.७ मीटर लांब आहे. जोडलेला सांगाडा कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.