मोल्दोवा: वाइन, गॅस आणि मत

युरोपीय संघाच्या विस्ताराविषयी वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे. जाहीरनामे बाजूला ठेवायचे आणि तो देश काय विकतो, कुणाला विकतो, घरे कशावर ऊबदार ठेवतो हे आधी पाहायचे. रोमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये चिमटलेल्या मोल्दोवाला असेच पाहावे लागते.

2006 मध्ये रशियाने मोल्दोवाच्या वाइनवर बंदी घातली. कारण आरोग्याचे दिले. ते राजकीय होते, असे माझे मत. या वाइनचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेव्हा रशियाच. टिकले त्या मळेवाल्यांनी पश्चिमेकडे बाजार शोधला. 2013 मध्ये पुन्हा बंदी आली, तेव्हा युरोपीय संघाने जानेवारी 2014 पासून आपला बाजार पूर्ण खुला केला.

गॅसचे इतके सोपे नव्हते. देशाची बरीचशी वीज ट्रान्सनिस्ट्रियातल्या कुचुर्गान केंद्रातून येई. हा पट्टा 1992 च्या युद्धापासून फुटीरांच्या ताब्यात, तिथे रशियन सैनिक, आणि केंद्र चाले रशियन गॅसवर. म्हणजे राजधानी किशिनाऊतल्या दिव्याचे बटण परक्या हातात! रोमानियातून उंगेनीपर्यंत गॅसवाहिनी 2014 मध्ये आली. ती किशिनाऊला पोहोचायला 2020 उजाडले. युक्रेनवरील हल्ल्यानंतर तीन आठवड्यांत, मार्च 2022 मध्ये, वीजजाळे युरोपशी जोडले गेले. जानेवारी 2025 मध्ये रशियन गॅस थांबला, तेव्हा सर्वाधिक गारठला तो ट्रान्सनिस्ट्रियाच.

मग उरले मत. युरोप-प्रवेशाचे उद्दिष्ट संविधानात घालावे का, यावर 20 ऑक्टोबर 2024 रोजी सार्वमत झाले. होकार 50.35 टक्के, फरक जेमतेम साडेदहा हजार मतांचा. देशांतर्गत मतांत नकारच पुढे होता, परदेशी राहणाऱ्यांनी पारडे फिरवले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, आदल्या महिन्यात रशियातून दीड कोटी डॉलर 1,30,000 हून अधिक लोकांच्या खात्यांवर आले होते. सूत्रधार म्हणून नाव आले मॉस्कोत राहणाऱ्या इलान शोर यांचे. 2014 मध्ये मोल्दोवाच्या तीन बँकांतून सुमारे एक अब्ज डॉलर गायब झाले, त्या प्रकरणात शिक्षा झालेले हेच गृहस्थ.

दक्षिणेतल्या गागाऊझियात मात्र नकार सुमारे 95 टक्के होता. तो सगळा विकत घेतलेला होता, असे मला वाटत नाही. तिथे व्यवहाराची भाषा रशियन, बातम्याही रशियन. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपवादी पक्षाने संसदेच्या 101 पैकी 55 जागा जिंकल्या. गागाऊझियातून त्याला तेव्हाही अगदी थोडी मते मिळाली.