रेघ कोणाची? बालवर्गातल्या निसर्ग-रंगकामाचा विचार

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाने, फुले, पक्षी रंगवायला देणे हा बालवर्गातला रोजचा परिपाठ. त्यामागचा विचार मात्र बहुधा ‘मुले शांत बसतात’ इथेच थांबतो. डोंबिवली-कल्याणच्या स्टेशनरीच्या दुकानांतली रंगभरणाची पुस्तके चाळली तर सफरचंद, ट्यूलिप आणि बर्फातले सूचीपर्णी झाड हमखास भेटते. शाळेच्या फाटकाशी उभा असलेला देशी बदाम त्यांत क्वचितच दिसतो.

रंगकामात तीन वेगवेगळ्या क्रिया असतात: वस्तू पाहणे, तिचा आकार ठरवणे आणि रंग निवडून भरणे. छापील चित्र पहिल्या दोन क्रिया मुलाच्या हातून काढून घेते. उरलेली तिसरी अनेकदा बाई काढून घेतात. ‘पान लाल कुठे असते? हिरवे कर’ आणि ‘रेघेबाहेर जाऊ नकोस’ ही दोन वाक्ये झाली, की मुलाकडे फक्त मनगटाची हालचाल शिल्लक राहते. तीही मोलाची आहे. लेखनाची पूर्वतयारी त्यातूनच होते. पण मग त्याला निसर्गाचा पाठ म्हणू नये.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७च्या आपल्या ग्रंथात रंगपुस्तकांना स्पष्ट विरोध केला. त्यांच्या मांडणीनुसार साधारण चार ते सात या वयात मूल रंग निवडते ते वस्तू तशी दिसते म्हणून नव्हे, तर तो रंग त्याला भावतो म्हणून. वस्तू आणि रंग यांची पक्की सांगड साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास बसू लागते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचे जांभळे झाड ही चूक नव्हेच. तरीही लोवेनफेल्ड यांचा विरोध मला जसाच्या तसा स्वीकारावासा वाटत नाही. वर्गात तीस मुले, शिकवणारी एकटी, आणि कोरा कागद पाहताच ‘मला येत नाही’ म्हणून हात मागे घेणारी दोन-चार मुले असतात. त्यांना रेघेचा आधार लागतो. तो काढून घेण्यापेक्षा ती रेघ मुलाने स्वतः, खऱ्या वस्तूभोवती ओढलेली असावी, एवढा आग्रह धरणे मला जास्त योग्य वाटते.

यासाठी देशी बदामाच्या पानाइतके सोयीचे साहित्य ठाण्यात दुसरे नाही. पान तळहाताहून मोठे, जाड, न चुरगळणारे. छोट्या बोटांनी एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने कडेने खडू फिरवता येतो. गळायच्या आधी ते रंग बदलते. हरितद्रव्य विघटित होते, तांबडे रंगद्रव्य उठून दिसते, आणि एकाच पानावर देठाशी हिरवा, मध्ये पिवळा, टोकाला गडद लाल असे पट्टे सापडतात. असे पान समोर ठेवले की ‘पान हिरवेच असते’ हे वाक्य बाईंच्याही तोंडून निघत नाही. तेच पान शिरांची बाजू वर करून पातळ कागदाखाली ठेवावे आणि मेणाचा खडू आडवा धरून घासावा. मधली शीर, तिला फुटलेल्या उपशिरा एकेक करून कागदावर उमटतात. पाने निवडताना कण्हेर आणि रुई मात्र कटाक्षाने टाळावी. कण्हेर कुंपणाला आणि रस्त्याच्या दुभाजकावर सर्रास असते, ती विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे.

हा विचार इथल्या मातीला नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. (हा भाग २०१४पासून पालघर जिल्ह्यात आहे.) माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले, माती हेच साहित्य झाले. पैशाची अडचण हे त्याचे एक कारण. पण त्यातून मुलाच्या ओळखीची वस्तू शिक्षणाच्या मध्यभागी आली, हे मला त्याहून मोठे वाटते. आज शहरातल्या बालवर्गाकडे छापील कागद स्वस्तात येतो, आणि नेमकी तीच गोष्ट निसटते.

पक्ष्यांचे काय? पक्षी कागदावर ठेवून गिरवता येत नाही. तिथे छापील आकृती चालेल, पण ओळखीच्या पक्ष्याची. ठाणे खाडीचा काही भाग २०१५मध्ये रोहित अर्थात फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे रोहितांचे थवे असतात. त्यांचा गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक जलजीवांतल्या रंगद्रव्यांमुळे चढतो. पिल्ले करडी असतात. एकाच आकृतीच्या प्रती वाटून कोणी करडा, कोणी फिकट, कोणी गडद गुलाबी रोहित रंगवला, तर सगळेच बरोबर ठरतात. ‘माझा बाळ आहे, त्याने अजून खाल्लं नाही’ असे मूल सांगू शकते.

अशी वाक्ये टिपून ठेवावीत. कागदावर तारा किंवा ‘छान’चा शिक्का मारण्याऐवजी मागच्या बाजूला तारीख, झाडाचे किंवा पक्ष्याचे नाव आणि मूल रंगवताना जे बोलले ते, त्याच्याच शब्दांत लिहावे. रोज तीस मुलांचे लिहिणे जमणार नाही. पाच-सहा मुलांचे जमते, आणि आठवड्यात सगळा वर्ग होतो. पालकसभेत हेच कागद दाखवावेत, मागची बाजू आधी.