स्कूलबोर्डाची थैली

स्कूलबोर्डाचें अंदाजपत्रक हा कांहीं रसिकांच्या वाचनाचा विषय नव्हे. जमा थोडी, खर्च फार आणि शेवटच्या ओळींत तूट. एवढें पाहून सुशिक्षित वाचक तो कागद बाजूस सारतो, आणि फार तर सभासदांच्या नालायकीवर एक शेरा मारून मोकळा होतो. परंतु जुन्या मुंबई इलाख्यांतील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास चाळला म्हणजे असें दिसून येतें कीं, ही तूट केवळ कारकुनाच्या चुकीनें किंवा सभासदांच्या उधळपट्टीनें उत्पन्न झालेली नव्हती. कायदा करणारांनीं कर्तव्य एकाच्या हातीं व थैली दुसऱ्याच्या हातीं दिली, तेव्हांच ती जन्मास आली. आणि या व्यवस्थेचा सर्व दोष परकी सरकारवर टाकून आपला वर्ग निर्दोष सुटेल, असेंही नाहीं.

१८६३ सालापासून या इलाख्यांत जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागें एक आणा जादा पट्टी वसूल होऊं लागली. १८६९ च्या कायद्यानें तिला कायदेशीर स्वरूप आलें. तिचा एकतृतीयांश शाळांकडे व बाकीचा मुख्यतः रस्त्यांकडे जावा असा दंडक होता. म्हणजे रुपयाभर सारा देणारा शेतकरी सतरावा आणा भरीत असे, व त्यांतील चार पै विद्येच्या नांवानें जात. पण त्याचा मुलगा शाळेंत असेच असें नाहीं. पट्टी येई ती खेड्यांतून. तिच्यावर चालणाऱ्या कित्येक शाळा मात्र कसब्याच्या गांवीं असत, आणि त्यांत शिकत तीं पुष्कळदां ही पट्टी न देणाऱ्या व्यापाऱ्यांचीं व नोकरदारांचीं मुलें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं अशाच विषमतेवर बोट ठेवलें: सरकारचें उत्पन्न रयतेच्या श्रमाचें, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी होती. शहरांचा व खेड्यांचा शिक्षणनिधि वेगळा ठेवावा अशी शिफारस कमिशननें केली; सक्तीची मागणी मात्र कागदावरच राहिली.

ही मागणी अशक्य कोटींतील नव्हती, हें बडोद्यास दिसून आलें. सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांतील कांहीं गांवीं सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं ती सर्व राज्यास लागू केली. तेथें हुकूम देणारा व पैसा देणारा एकच होता. ब्रिटिश हिंदुस्थानांत तसें नव्हतें. म्हणूनच गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं जें बिल मांडलें, त्यांत सक्तीइतकेंच महत्त्व खर्चाच्या वांटणीला होतें: जादा खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेनें सोसावा व दोन हिस्से सरकारनें. १९१२ च्या मार्चांत ३८ विरुद्ध १३ मतांनीं तें नापास झालें. विरोध करणारांत सरकारी अधिकारी होतेच. पण आपलेही कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ त्यांच्या पंक्तीस बसले, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

पुढें १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें म्युनिसिपालिट्यांस सक्ती सुरू करण्याची मुभा मिळाली, आणि १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकलबोर्डें व मोठ्या म्युनिसिपालिट्या यांच्याकडे आला. स्कूलबोर्डें आलीं तीं याच कायद्यानें. मंजूर झालेल्या सक्तीच्या योजनेचा जादा खर्च लोकलबोर्डांस दोनतृतीयांश व म्युनिसिपालिट्यांस निम्मा सरकारनें द्यावयाचा होता. वचन उदार होतें. पण योजना मंजूर करणें सरकारच्या मर्जीवर होतें. द्विदल राज्यपद्धतींत शिक्षण लोकनियुक्त मंत्र्याकडे, तर तिजोरी राखीव खात्याकडे. पैशाची टंचाई पुढें करून योजनांमागून योजना तहकूब होत गेल्या.

बोर्डाच्या स्वतःच्या थैलीचीही गत पाहण्यासारखी आहे. शाळांच्या खर्चाचा फार मोठा भाग मास्तरांच्या पगाराचा. मुलें वाढलीं कीं मास्तर वाढवावे लागतात, आणि त्यांचे पगारही वर्षानुवर्षे वाढतात. उलट, पट्टी बसावयाची ती साऱ्यावर, आणि साऱ्याची आकारणी साधारणतः तीस वर्षांकरितां कायम. दुष्काळांत सारा तहकूब झाला कीं पट्टीही तहकूब. अशा रीतीनें खर्च चढता व जमा स्थिर. यांतून तुटीवांचून दुसरें काय निघणार? उपाय एकच होता, नवा कर. पण नवा कर म्हणजे मतदारांचा रोष. सुशिक्षित मंडळी सभांतून सक्तीच्या शिक्षणाचे ठराव टाळ्यांच्या गजरांत पास करीत, आणि घरपट्टीची वाढ सुचविली कीं तीच मंडळी अर्ज घेऊन धांवत. आपण ज्याला दूरदृष्टीचा अभाव म्हणून बोर्डास नांवें ठेवलीं, त्यांत आपल्या भित्रेपणाचें प्रतिबिंब नव्हतें काय?

या ओढाताणीचा परिणाम अंदाजपत्रकांत दिसत नाहीं. नोकरींत असलेला मास्तर पगारासाठीं अर्ज करूं शकतो, चालू शाळेचे पालक तक्रार करूं शकतात. पण जी शाळा उघडलीच नाहीं तिच्या बाजूनें बोलणार कोण? म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम वाडीवरच्या व मुलींच्या शाळेवर पडणें स्वाभाविक होतें. जीं मुलें शाळेंत आलीं, त्यांचीही स्थिति समाधानकारक नव्हती. १९२९ च्या हार्टोग समितीनें दाखविलें कीं, १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या शंभर मुलांपैकीं तीन वर्षांनीं चौथींत पोंचलीं तीं अवघीं अठरा. एकेका मास्तरानें सारे वर्ग सांभाळावयाचे, म्हणजे दुसरें काय होणार?

१९३८ च्या दुरुस्तीनें स्कूलबोर्डांचे अधिकार आंखडले गेले. मास्तरांच्या नेमणुका व बदल्या यांत पक्षबाजी शिरली होती, हें खरें. परंतु अधिकार काढून घेतल्यानें थैली भरत नसते. प्राथमिक शिक्षणाचा विस्तार करणें हें सरकारचें कर्तव्य आहे, ही स्पष्ट कबुली १९४७ च्या मुंबई कायद्यांत आली. त्यानंतर बासष्ट वर्षांनीं, २००९ च्या कायद्यानें, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाच्या खर्चाची जबाबदारी केंद्र व राज्य यांवर संयुक्तपणें टाकली. गोखल्यांचा प्रश्नच शेवटीं कायद्यास सोडवावा लागला: हुकमाबरोबर पैसा कोण देणार?

तेव्हां यापुढें एखाद्या शिक्षणमंडळाच्या तुटीची बातमी वाचनांत आली, तर वाचकांनीं शेवटच्या आंकड्यावर न थांबतां दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: या मंडळास कर्तव्य कोणीं सांगितलें, आणि त्यासाठीं पैसा देण्याचें कोणीं टाळलें? उत्तर शोधतांना आपल्या स्वतःच्या घरपट्टीची पावतीही समोर असूं द्यावी. तुटीची रक्कम हिशेबांत एका वर्षापुरती मांडतात. पण सातव्या वर्षीं शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला तें वर्ष पुन्हा मिळत नाहीं.