परमुलखातला निवांतपणा : उज्जैनचे मराठी वाडे आणि नानाखेडा

दूरच्या मुलखात जाऊन वस्ती करणाऱ्या माणसांचा इतिहास लिहिताना लढाया, जहागिरी, महसूल आणि चाकरी यांच्या नोंदी विपुल हाती लागतात. परंतु त्या माणसांनी अनोळखी गावाच्या गलबल्यात स्वतःपुरता निवांतपणा कसा मिळवला, हा प्रश्न बहुधा बाजूलाच राहतो. अठराव्या शतकात देशावरून आणि कोकणातून माळव्यात गेलेल्या मराठी कुटुंबांपुरते बोलायचे तर या प्रश्नाचे उत्तर दप्तरातल्या कागदांपेक्षा घरांच्या बांधणीत, दिवसाच्या आखणीत आणि व्रतनेमांत अधिक स्पष्ट सापडते. उज्जैन हे त्याचे ठळक उदाहरण होय. तीर्थक्षेत्र, बाजारपेठ आणि लष्करी ठाणे या तिन्ही नात्यांनी हे शहर सदैव गजबजलेले होते आणि तेथे आलेल्या मराठी माणसाला शांतता आयती मिळण्यासारखी नव्हती.

या इतिहासाचा आरंभ मुळात शांततेचा नाही. 29 नोव्हेंबर 1728 रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर यांचा पाडाव केला, आणि त्यानंतर लगेच मराठी फौज उज्जैनला वेढा घालून बसली. वेढा पुढल्या वर्षाच्या आरंभी उठला, तरी माळव्याचे भवितव्य त्या मोहिमेने ठरल्यासारखे झाले. 1731 च्या सुमारास राणोजी शिंदे यांनी उज्जैनला आपले ठाणे केले, जानेवारी 1738 मध्ये भोपाळच्या लढाईनंतर निजामाने दुराई सराईच्या तहात माळवा सोडण्याचे कबूल केले आणि 1741 साली बादशाही फर्मानाने या प्रांतावरील पेशव्यांचा हक्क कागदोपत्री मान्य झाला. या घडामोडींकडे उज्जैनच्या मूळ रहिवाशाच्या बाजूने पाहिले, तर घोड्यांच्या टापा, छावणीचे नगारे आणि चौथाईची तगादेवसुली हा सगळा कोलाहल आलेल्या मंडळींनीच आणलेला होता. परमुलखात निवांतपणा शोधणारा मराठी माणूस आधी त्या मुलखाचा निवांतपणा मोडणारा होता, ही गोष्ट लक्षात ठेवल्याखेरीज पुढील वृत्तान्त एकांगी ठरेल.

फौजेच्या मागोमाग कारकून, फडणीस, सावकार, वैदिक, पुराणिक, सोनार आणि आचारी आले. फौज पावसाळ्यापुरती मुक्कामाला येऊन पुन्हा स्वारीवर निघे, ही मंडळी मात्र कुटुंबकबिल्यासह राहिली. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर हे कोकणातील गौड सारस्वत घराण्यातले. 1730 च्या दशकात त्यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली आणि परक्या शहरात मराठी वस्तीला हक्काचे केंद्र मिळाले. या वस्तीच्या भोवतीचे शहर कसे होते, याची कल्पना विल्यम हंटर या स्कॉटिश शल्यवैद्याच्या वर्णनावरून येते. तो 1792 साली आग्ऱ्याहून उज्जैनला आला होता. मुख्य बाजाराचा रस्ता रुंद आणि दगडी फरसबंदीचा असून दोन्ही बाजूंना दुमजली घरे आहेत. रस्त्यावरून पाच-सहा पायऱ्या चढून जावे लागणाऱ्या खालच्या दगडी मजल्यावर दुकाने, तर वरच्या विटांच्या किंवा लाकडी मजल्यावर मालकांचे राहणे आहे, असे तो सांगतो. म्हणजे उज्जैनचा व्यापारी दुकानाच्या डोक्यावर राहत असे आणि रस्त्याचा आवाज थेट त्याच्या बिछान्यापर्यंत पोहोचत असे.

मराठी वाड्याची रचना याच्या नेमकी उलट होती. वाडा रस्त्याकडे पाठ फिरवून आतल्या चौकाकडे तोंड करतो. रस्त्यावर दिसते ती जोत्यावरची जाड भिंत, तिच्यातील मोजक्या लहान खिडक्या आणि एक भक्कम दरवाजा. या दरवाज्यातच एक छोटा दिंडी दरवाजा असतो, ज्यातून वाकून आत यावे लागते आणि ज्यामुळे मोठा दरवाजा दिवसभर बंद ठेवता येतो. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या कमानदार जागा, लागतात. त्यापुढे पहिला चौक येतो. त्याच्या कडेच्या ओसरीवर किंवा सदरेवर बाहेरच्या माणसांशी व्यवहार चालतो आणि हिशेबाचे कागद लिहिले जातात. म्हणून या चौकात माणसांचा आवाज असतो, पण बाजाराचा नसतो. त्याच्या पलीकडे माजघर, आणखी आत स्वयंपाकघर व देवघर, आणि मोठ्या वाड्यात दुसरा किंवा तिसरा चौक असतो. तेथे तुळशीवृंदावन, आड आणि जाते एवढ्याच वस्तूंना आवाज काढण्याची मुभा. पांढऱ्या मातीच्या किंवा चपट्या विटांच्या जाड भिंती, तक्तपोशीवरचा मातीचा थर आणि सारवलेली भुई यांमुळे उन्हाळ्यात गारवा राही, आणि त्याच जाडीमुळे आवाजही अडे. एकामागोमाग येणारा प्रत्येक उंबरठा गलबल्याचा एकेक थर बाहेर ठेवत असे आणि देवघरातल्या माणसापर्यंत रस्त्याची अस्पष्ट कुणकुण तेवढी पोहोचे.

ही बांधणी पुण्यात किंवा साताऱ्यातही होती. तिचा उगम माळव्यात नाही. परंतु पुण्यातल्या वाड्याबाहेर जी भाषा, जे सण आणि जी माणसे होती तीच आतही होती, तर उज्जैनमधल्या वाड्याच्या दरवाज्यावर दोन जगांची हद्द पडत असे. ओट्याखाली माळवी आणि हिंदवी, ओसरीवर दोन्ही भाषांची सरमिसळ आणि माजघरात निखळ मराठी, अशी उतरंड लागलेली होती. न समजणारी बोली नवख्या कानाला गोंगाटासारखी वाटते आणि समजू लागली की तिचेच बोलणे होते. म्हणून नव्याने आलेल्या पिढीला भिंतीची जितकी गरज होती तितकी नातवंडांना उरली नाही. दोन शतकांनंतर या समाजातील शिकलेली मुले हिंदीत इतकी रुळली की गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी मातृभाषेचे, माळव्याशी व उज्जैनशी निकटचा संबंध असलेले कवी 1943 च्या ‘तार सप्तक’ या आधुनिक हिंदी कवितेतील युगप्रवर्तक संग्रहात सहभागी झाले, तर मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरात दोन्ही भाषांना जागा झाली, हा त्या दरवाज्याची कडी सैल झाल्याचा पुरावा मानता येईल.

जागेइतकीच वेळेची आखणीही महत्त्वाची होती. तीर्थक्षेत्राच्या गावात दिवसा शांतता मिळणे अशक्य असल्याने ती पहाटे गाठावी लागे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उजाडण्यापूर्वी नदीवर जाऊन करावयाचे कार्तिकस्नान आणि त्यानंतरची काकड आरती हा महाराष्ट्रातला परिपाठ क्षिप्रेच्या काठी सहज रुजला, कारण त्या वेळी रामघाटावर यात्रेकरूंची दाटी झालेली नसे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात बायका-पुरुष जे नेम धरत, त्यांत मौनभोजन हा एक प्रमुख नेम होता : चित्राहुती घातल्यापासून हात धुईपर्यंत एक अक्षर बोलायचे नाही, काही हवे असल्यास खुणेने मागायचे. या नेमाचे कारण धार्मिक होते हे खरे. तथापि वीस-पंचवीस पाने एका वेळी उठणाऱ्या एकत्र कुटुंबात, जेथे एकट्या माणसाला स्वतंत्र खोली मिळणे दुरापास्त होते, तेथे रोज घटकाभर सक्तीची शांतता मिळवून देणारी याहून सोपी व्यवस्था दुसरी नव्हती.

संन्याशांच्या बाबतीत चातुर्मासाचा अर्थ आणखी वेगळा होता. एरवी सतत फिरत राहणाऱ्या यतीने पावसाळ्याचा काळ एकाच ठिकाणी राहून काढावा, असा हा जुना दंडक. सिंधुदुर्गातील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंब्ये स्वामी, यांनी 1891 साली पत्नीच्या निधनानंतर संन्यास घेतला, उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड स्वीकारला आणि संन्यासाश्रमातला पहिला चातुर्मास तेथेच केला. कोकणातला एक दत्तभक्त एकान्ताच्या आयुष्याचा आरंभ करण्यासाठी निर्जन डोंगर न निवडता गजबजलेल्या क्षेत्रात थांबतो, यात विसंगती नाही. क्षेत्रात गुरू असतो, भिक्षा मिळते, नदी असते, आणि संन्याशाच्या मौनाचा मान राखण्याची रीत गावाला ठाऊक असते. रानात मिळणाऱ्या एकान्तापेक्षा लोकांनी मान्य केलेला एकान्त अधिक टिकाऊ असतो.

मराठी मंडळींनी स्वतःसाठी असे आडोसे उभारले, त्याच काळात त्यांच्या सत्तेने आणि भक्तीने शहराच्या आवाजात भरही घातली. सिंह राशीत गुरू असताना भरणाऱ्या उज्जैनच्या सिंहस्थाला राणोजी शिंद्यांनी नाशिकच्या साधूंना बोलावून चालना दिली, असे परंपरा सांगते. महाकालाची सवारी, म्हणजे पालखीतून निघणारी देवाची मिरवणूक, उत्तरेतील पूर्णिमान्त पंचांगाच्या श्रावणी सोमवारांपाशी न थांबता भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही निघते. कारण महाराष्ट्राच्या अमान्त पंचांगाप्रमाणे तो पंधरवडा श्रावणातच मोडतो. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बाजाराच्या ऐन मध्यावर गोपाळ मंदिर बांधले, आणि वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची सवारी वाजतगाजत याच मंदिरात हरीच्या भेटीला येते. राजकीय कोलाहलही चुकला नाही. जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा उज्जैनजवळ पराभव केला आणि शहराकडून जबर पैसा उकळला, तेव्हा जाड भिंती आणि दिंडी दरवाजे फारसे कामी आले नाहीत. वाड्यातला निवांतपणा शेवटी बाहेरच्या बंदोबस्तावर अवलंबून होता.

1810 साली दौलतरावांनी आपली छावणी ग्वाल्हेरला कायम केली, तिच्यातून लष्कर हे नवे शहर उभे राहिले आणि उज्जैन राजधानी उरली नाही. छावणी गेल्याने आलेली शांतता ही समृद्धी ओसरल्याची शांतता होती. अनेक घराणी दरबारामागे उत्तरेकडे गेली आणि उरलेल्यांचे वाडे हळूहळू भाडेकरूंनी भरले. पुढे रेल्वे आली, विनोद मिल व हिरा मिल यांसारख्या कापड गिरण्या आल्या, आणि शहराची वेळ मंदिराच्या घंटेबरोबर गिरणीच्या भोंग्यावरही चालू लागली. विसाव्या शतकात एकत्र कुटुंबे विभागली, चौकांत भिंती पडल्या, सदरेच्या जागी दुकानांचे गाळे निघाले, आणि ज्या घराने रस्त्याकडे पाठ केली होती त्याच घराने उत्पन्नासाठी रस्त्याकडे तोंड वळवले. वाड्याची निवांतपणा राखण्याची शक्ती इथे संपली.

त्यानंतरचा उपाय अंतराचा होता. जुन्या शहराच्या दाटीतून बाहेर पडून दक्षिणेकडे, इंदूर रस्त्याच्या बाजूला, मोकळ्या भूखंडांवर घरे बांधण्याची लाट स्वातंत्र्योत्तर दशकांत आली आणि तिच्यात मराठी कुटुंबेही होती. महानंदा नगर, ऋषी नगर यांसारख्या वसाहती आणि नानाखेडा हा भाग या वाढीतून शहराला जोडले गेले. येथील घराचा नमुना वाड्याच्या विरुद्ध आहे : मध्ये घर, भोवती थोडी मोकळी जागा, पुढे कुंपण आणि चारी बाजूंना मोठ्या खिडक्या. हे घर स्वतः आवाज अडवत नाही. आवाजच दूर आहे, या गृहीतावर ते उभे असते. परंतु शहराला मोकळी जागा दिसली की त्याच्या गरजाही तिकडेच वळतात. नानाखेड्याला बसस्थानक झाले, स्टेडियम झाले, व्यापारी संकुले आली, इंदूरची वाहतूक दाराशी आली, आणि शांततेसाठी दूर गेलेल्या माणसाच्या उघड्या खिडकीखाली वाहनांचे कर्णे वाजू लागले. बाजारपेठेतल्या वाड्याने गोंगाटात राहून जी शांतता काही पिढ्या टिकवली, ती गोंगाटापासून पळालेल्या बंगल्याला त्या मानाने थोडाच काळ लाभली.

भिंत आणि अंतर हे दोन्ही उपाय खाजगी होते. तिसरा उपाय सार्वजनिक नियमाचा आहे. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, व्यापारी भागात ती अनुक्रमे 65 आणि 55 आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा अशी व्याख्या आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरवता येतो. या आकड्यांमागची कल्पना मौनभोजनामागच्या कल्पनेपेक्षा फार वेगळी नाही : ठरावीक वेळी, ठरावीक जागी सर्वांनी आवाज आवरायचा. फरक इतकाच की घरातला नेम सर्वांना मान्य होता म्हणून पाळला गेला, आणि नगराचा नेम अजून तसा मान्य झालेला नाही.

उज्जैनच्या मराठी वस्तीचा हा सुमारे तीनशे वर्षांचा अनुभव एका निष्कर्षाकडे नेतो. परमुलखात जाणाऱ्याला निवांतपणा तेथील गोंगाट बंद पाडून मिळत नाही आणि गोंगाटापासून दूर जाऊनही फार काळ मिळत नाही. तो जागा व वेळ यांच्या आखणीने आणि शेजाऱ्यांच्या संमतीने मिळतो, आणि आपणही कोणाच्या तरी निवांतपणात व्यत्यय आणतो याची जाणीव ठेवली तरच टिकतो. पुढचा सिंहस्थ 2028 साली आहे. त्या निमित्ताने रस्ते, घाट आणि वाहनतळ यांचे आराखडे ठरत असताना रात्रीच्या शांततेची तरतूदही त्याच आराखड्यांत व्हावी, आणि जुन्या शहरातले जे थोडे वाडे चौकासह उभे आहेत त्यांची मोजणी व नोंद ते पाडले जाण्यापूर्वी पुरी व्हावी.